फेलिक्स हॉफमान आणि ॲस्पिरिन

डोके दुखू लागले म्हणजे सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यावा, गुडघे धरले म्हणजे गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकावे, हे उपचार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आता त्यांच्या जोडीला दुखण्यावरची गोळी आली आहे. वेदना, सूज आणि ताप या तिहींवर चालणाऱ्या आणि अनेक देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या ज्या दाहशामक गोळ्या आहेत, त्यांच्या कुळातील सर्वांत प्रसिद्ध व वडीलधारी गोळी म्हणजे ॲस्पिरिन. ती ज्यांच्या हातून शुद्ध व टिकाऊ रूपात सिद्ध झाली, त्या फेलिक्स हॉफमान यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत. वाचकांनी ते केवळ एका यशाची कथा म्हणून वाचू नये. औषधाची खरी पारख होण्यास किती काळ लागतो, याचाही तो एक धडा आहे.

हॉफमान यांचा जन्म २१ जानेवारी १८६८ रोजी जर्मनीतील लुडविग्सबर्ग या गावी एका कारखानदाराच्या घरी झाला. तरुणपणी त्यांनी औषधांच्या दुकानांतून उमेदवारी केली आणि पुढे म्यूनिक विद्यापीठात प्रथम औषधनिर्माणाचे व नंतर रसायनशास्त्राचे अध्ययन केले. १८९३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. तेथील विख्यात आचार्य आडॉल्फ फॉन बेयर यांच्या शिफारशीने १८९४ साली ते एल्बरफेल्ड येथील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. नावे सारखी वाटली, तरी आचार्यांचा व कंपनीचा काही संबंध नव्हता. ही कंपनी मूळची कापडाच्या रंगांची. त्याच रसायनविद्येच्या बळावर ती नुकतीच औषधांच्या धंद्यात उतरली होती.

ज्या द्रव्यावर हॉफमान यांनी काम केले, त्याचा इतिहास मात्र फार जुना आहे. विलो नावाच्या वृक्षाची साल ताप व वेदना यांवर गुणकारी असते, हे युरोपात प्राचीन काळापासून ठाऊक होते. आपल्याकडे नदीकाठी उगवणारा वाळुंज याच वृक्षाचा भाऊबंद होय. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने या सालीची भुकटी हिवतापाच्या सुमारे पन्नास रुग्णांना दिल्याचा अनुभव लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविला. पुढे सालीतील गुणकारी अंश वेगळा काढण्यात आला, आणि त्यातून सॅलिसिलिक ॲसिड हे औषध प्रचारात आले. संधिवाताच्या रोग्यांना त्याने आराम पडे. परंतु त्याची चव असह्य असे, घशाची व पोटाची जळजळ होई आणि पुष्कळांना ओकाऱ्या होत. दुखणे बरे, पण औषध नको, अशी त्या रोग्यांची गत झाली होती.

हॉफमान यांचे वडीलही असेच संधिवाताने पीडित होते व त्यांच्या कळवळ्याने पुत्राने हा शोध लावला, अशी एक हृद्य कथा सांगतात. ती छापून आली ती मात्र १९३४ साली, म्हणजे बऱ्याच उशिरा. निश्चित आहे ते इतके, की १० ऑगस्ट १८९७ रोजी हॉफमान यांनी आपल्या प्रयोगवहीत सॅलिसिलिक ॲसिडला ॲसेटिल गटाची जोड देण्याची कृती नोंदविली. व्हिनेगारातील आम्लाशी नाते असलेल्या या जोडीने मूळ द्रव्याचा तिखटपणा सौम्य झाला. १८५३ साली फ्रान्समध्ये शार्ल गेरार्ट यांनी हे संयुग बनविले होते. परंतु ते अशुद्ध होते. हॉफमान यांचे द्रव्य शुद्ध होते व टिकत होते.

याच महिन्यात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, त्याच कृतीने त्यांनी मॉर्फिनलाही ॲसेटिलची जोड दिली. त्यातून जे निघाले त्याला कंपनीने नाव दिले हेरॉइन. आता दैवगती पाहा! कंपनीच्या औषधपरीक्षण विभागाचे प्रमुख हाइनरिख ड्रेसर यांना पहिले औषध हृदयाला घातक होईल अशी भीती वाटली, असे सांगतात. दुसरे मात्र खोकल्यावर उत्तम व निर्धोक म्हणून १८९८ पासून विकले जाऊ लागले. निर्धोक म्हटलेल्या त्या औषधाने असंख्यांना व्यसनाच्या खाईत लोटले, आणि १९२४ साली अमेरिकेने त्यावर बंदी घातली. उलट, हृदयाला घातक समजले गेलेले ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात येऊन जगभर पसरले, आणि आज हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना डॉक्टर ते अल्प प्रमाणात देतात.

हे औषध शरीरात नेमके काय करते, हे हॉफमान यांच्या हयातीत कोणासही कळले नाही. लंडन येथे जॉन व्हेन यांनी १९७१ साली ते उलगडले व १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शरीरास इजा झाली म्हणजे पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. सूज, ताप व वेदनेची तीव्रता ही त्यांचीच करणी. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन व डायक्लोफिनॅक या गोळ्याही याच मार्गाने काम करतात. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा राखण्यासही साहाय्य करतात. म्हणून वेदना थांबविणारी गोळी जठरात व्रण करू शकते, रक्तस्राव घडवू शकते आणि दुबळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकते. जो जाच हॉफमान यांना टाळावयाचा होता, तो कमी झाला. नाहीसा झाला नाही.

शोधाच्या श्रेयाचा प्रश्नही येथे सांगितला पाहिजे. बायरमधील हॉफमान यांचे ज्येष्ठ सहकारी आर्थर आयशेनग्र्यून हे ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांचा स्वतःचा कारखाना गेला, आणि १९४४ साली त्यांना टेरेझिनच्या छळछावणीत धाडण्यात आले. तेथून जिवंत सुटल्यावर १९४९ साली त्यांनी लिहिले, की हॉफमान यांनी ते काम आपल्या सूचनेवरून केले होते. त्याच वर्षी ते वारले. २००० साली वॉल्टर स्नीडर या अभ्यासकाने त्यांचा पक्ष उचलून धरला. कंपनीस तो मान्य नाही. निकाल काहीही असो, ज्याला बोलण्याची संधीच हिरावली गेली होती त्याचे म्हणणे वगळून हे चरित्र सांगणे आम्हांस उचित वाटत नाही.

हॉफमान पुढे कंपनीच्या औषधविक्री विभागाचे प्रमुख झाले व १९२८ साली निवृत्त झाले. ते अविवाहित होते. ८ फेब्रुवारी १९४६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रापासून आपण कोणता बोध घ्यावा? गोळी सहज मिळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. ती उपाशीपोटी घेऊ नये. एकाच कुळातील दोन गोळ्या एका वेळी घेऊ नयेत. वेष्टनावर लिहिलेली द्रव्ये वाचल्यावाचून घेऊ नये. मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीही देऊ नये, कारण फ्लू किंवा कांजिण्यांत त्यापासून मेंदू व यकृत यांना घातक असा विकार जडू शकतो. डेंग्यूची शंका असता रक्तस्रावाच्या भयास्तव या कुळातील गोळ्या वर्ज्य समजाव्यात. व्रणाचे, मूत्रपिंडाचे व हृदयाचे रुग्ण, तसेच गर्भवती स्त्रिया यांनी डॉक्टरांस विचारूनच पाऊल टाकावे. एका महिन्यात, एकाच हातून, एकाच कृतीने निघालेल्या दोन द्रव्यांची पारख मोठमोठ्या तज्ज्ञांनाही करता आली नाही. ती काळाने व पडताळणीने केली. त्या पडताळणीतून हाती आलेले ज्ञान आज आपल्याला विनासायास मिळते. गोळी तोंडात टाकण्यापूर्वी त्याचा उपयोग करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे आपण अवश्य करावे.