चार वेळा किताब हुकला, पाचव्यांदा ३७ व्या वर्षी जगज्जेता झाला : सहा पोरांच्या बापाची गोष्ट

हेवीवेट बॉक्सरचं वय झालंय हे सगळ्यात आधी त्याच्या पायांना कळतं, मग नजरेला. समोरून येणारा ठोसा दिसतो, पण तो चुकवायला शरीर वेळेवर हलत नाही. हातातली ताकद मात्र सगळ्यात शेवटी जाते. म्हणूनच तिशी उलटलेल्या बॉक्सरला वाटत राहतं की अजून एक संधी मिळाली तर आपण जिंकू. तो परत रिंगमध्ये उतरतो आणि बहुतेक वेळा मार खाऊन घरी येतो.

पण १९५१ साली एक ३७ वर्षांचा माणूस असाच पुन्हा रिंगमध्ये उतरला. त्याआधी चार वेळा तो जगज्जेतेपदासाठी लढला होता आणि चारही वेळा हरला होता. घरी सहा मुलं होती. पाचव्या वेळी त्याने चॅम्पियनला झोपवलं आणि हेवीवेटचा सगळ्यात वयस्कर जगज्जेता झाला. त्याचा हा विक्रम पुढची ४३ वर्षं कोणाला मोडता आला नाही.

त्याचं नाव जर्सी जो वॉलकॉट.

सूप फॅक्टरीतला पोरगा

वॉलकॉटचं खरं नाव अर्नोल्ड रेमंड क्रीम. जन्म ३१ जानेवारी १९१४, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, कॅम्डेन शहराच्या जवळ. वडील कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय कामगार. अर्नोल्ड जेमतेम १५ वर्षांचा असताना ते वारले. मागे आई आणि लहान भावंडांची मोठी रांग होती. पोराने शाळा सोडली आणि सूपच्या फॅक्टरीत कामाला लागला.

फॅक्टरीच्या पगारात भागत नव्हतं म्हणून तो बॉक्सिंगकडे वळला. १९३० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने पहिली व्यावसायिक लढत खेळली आणि पहिल्याच राऊंडमध्ये जिंकली. बार्बाडोसचा जो वॉलकॉट हा जुन्या काळातला वेल्टरवेट चॅम्पियन त्याचा आदर्श होता. त्याचंच नाव याने घेतलं आणि पुढे आपल्या राज्याचं नाव जोडलं. अर्नोल्ड क्रीमचा जर्सी जो वॉलकॉट झाला तो असा.

त्याच वर्षी जन्मलेला दुसरा जो

वॉलकॉटची गोष्ट समजून घ्यायची तर अजून एका माणसाला भेटावं लागतं, तो म्हणजे जो लुईस. हेवीवेटच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी हे एक. लुईसचा जन्मही १९१४ चाच. तो वॉलकॉटपेक्षा फक्त साडेतीन महिन्यांनी लहान. दोघंही कृष्णवर्णीय, दोघंही गरीब घरातले.

फरक पडला तो एका वस्तादामुळे. जॅक ब्लॅकबर्न हा त्या काळातला नावाजलेला ट्रेनर. तो तरुण वॉलकॉटला शिकवत होता आणि त्याला शिकागोला घेऊन जायचा त्याचा विचार होता. पण नेमका तेव्हाच वॉलकॉट टायफॉईडने आजारी पडला. ब्लॅकबर्न एकटाच शिकागोला गेला आणि तिथे त्याच्या हाताखाली दुसरा पोरगा आला. तो होता जो लुईस.

पुढे लुईसला पैसेवाले मॅनेजर मिळाले, रोजचं ट्रेनिंग मिळालं, वेळेवर जेवण मिळालं. १९३७ मध्ये तो जगज्जेता झाला. हे किती अवघड होतं ते एका गोष्टीवरून कळेल. १९१५ मध्ये जॅक जॉन्सनने किताब गमावल्यानंतर तब्बल २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिलं गेलं नव्हतं. लुईसने तो बंद दरवाजा उघडला.

त्याच काळात वॉलकॉट काय करत होता? तो मिळेल ते काम करत होता. मध्येच कोणीतरी बोलावलं की पुरेशी तयारी नसताना, कधीकधी रिकाम्या पोटी, थोड्याशा पैशांसाठी लढत होता. १९३६ मध्ये तर तो काही काळ लुईसचाच स्पारिंग पार्टनर होता. म्हणजे चॅम्पियन होऊ घातलेल्या माणसाच्या सरावासाठी ठोसे खाणारा. लग्न झालं होतं, पोरं होत होती आणि अमेरिकेत महामंदी चालू होती. सरकारी मदतीवर घर चालवायचीही वेळ आली.

१९४० मध्ये धिप्पाड एब सायमनने त्याला हरवलं. त्यानंतरच्या जवळपास चार वर्षांत वॉलकॉट बहुतेक काळ रिंगपासून लांबच राहिला. वय २६ ते ३०, म्हणजे बॉक्सरची ऐन उमेदीची वर्षं. त्याची ती पोटापाण्याच्या मागे गेली.

कोळशाच्या बदल्यात करिअर

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडे कॅम्डेनमधला फेलिक्स बोकिकिओ नावाचा माणूस वॉलकॉटला शोधत आला. बोकिकिओचा पूर्वइतिहास काही फार स्वच्छ नव्हता, पण त्याच्याकडे पैसा होता आणि त्याला बॉक्सिंगमध्ये उतरायचं होतं.

वॉलकॉटने त्याला साधी गोष्ट समजावली. घरात पोरं उपाशी आणि थंडीत कुडकुडत असताना मला सराव जमणार नाही. बोकिकिओने घरात किराणा भरला आणि शेगडीसाठी कोळसा पाठवला. पोरं उबेत आहेत आणि जेवली आहेत हे कळल्यावर वॉलकॉट आयुष्यात पहिल्यांदा पूर्णवेळ बॉक्सर झाला. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती.

आणि मग जे झालं ते बघून सगळे चक्रावले. ज्या वयात बाकीचे उतरणीला लागतात, त्या वयात हा चढायला लागला. १९४५ मध्ये जो बाक्सी, पुढच्या वर्षी जिमी बिव्हिन्स, अशी त्या काळातली तगडी नावं त्याने हरवली. जोई मॅक्सिम आणि एल्मर रे यांच्याकडून १९४६ मध्ये तो हरला, पण १९४७ मध्ये दोघांनाही गाठून त्याने हिशोब चुकता केला.

त्याची लढायची पद्धत वेगळीच होती. तो समोरच्याला पाठ दाखवल्यासारखं करायचा आणि लढत सोडून निघाल्यासारखा चार पावलं चालायचा. समोरचा सावजामागे यावं तसा मागे यायचा. तेवढ्यात वॉलकॉट गर्रकन वळून ठोसा हाणायचा. हे तरुण पायांचं काम नव्हतं. पंधरा वर्षं वेगवेगळ्या रिंगांमध्ये टक्केटोणपे खाऊन आलेलं हे शहाणपण होतं.

ज्या रात्री लुईसला लाज वाटली

५ डिसेंबर १९४७. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर जो लुईस, सलग दहा वर्षं जगज्जेता. वॉलकॉटवर पैज लावणाऱ्यांना एकास दहाचा भाव मिळत होता. खरं तर ही आधी फक्त प्रदर्शनीय लढत ठरली होती. राज्याच्या बॉक्सिंग कमिशनने अडवलं म्हणून ती किताबाची लढत झाली.

पहिल्याच राऊंडमध्ये वॉलकॉटने लुईसला खाली पाडलं. चौथ्यात पुन्हा पाडलं. शेवटचे काही राऊंड आपण जिंकलोच आहोत अशा समजुतीने वॉलकॉट जपून, लांबूनच खेळला. १५ राऊंड संपले तेव्हा स्वतःच्या खेळावर वैतागलेला लुईस निकाल ऐकायच्या आधीच रिंगमधून निघाला होता. त्याला थांबवावं लागलं.

रेफ्री रुबी गोल्डस्टीनने वॉलकॉटला ७ राऊंड दिले, लुईसला ६ आणि २ बरोबरीत. पण दोन्ही जजेसनी कौल लुईसच्या बाजूने दिला आणि किताब लुईसकडेच राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खुद्द लुईसने वॉलकॉटकडे दिलगिरी व्यक्त केली.

जून १९४८ मध्ये यांकी स्टेडियमवर दोघं पुन्हा भिडले. वॉलकॉटने तिसऱ्या राऊंडमध्ये लुईसला परत एकदा खाली बसवलं, पण अकराव्यात लुईसने त्याला नॉकआऊट केलं. १९४९ मध्ये लुईसने निवृत्ती जाहीर केली आणि किताब रिकामा झाला. त्यासाठी वॉलकॉट एझर्ड चार्ल्सशी लढला आणि गुणांवर हरला. मार्च १९५१ मध्ये पुन्हा चार्ल्स, पुन्हा गुणांवर हार. चार प्रयत्न, चार पराभव.

पाचवा प्रयत्न

१८ जुलै १९५१. पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड. समोर परत एझर्ड चार्ल्स, वयाने सात वर्षांनी लहान आणि वॉलकॉटला दोनदा हरवलेला. चार वेळा हरलेल्या सदतिशीतल्या माणसाकडून फारशी कोणाला अपेक्षा नव्हती.

सातव्या राऊंडमध्ये वॉलकॉटने शांतपणे पाऊल पुढे टाकलं आणि डाव्या हाताचा हुक चार्ल्सच्या जबड्यावर मारला. चार्ल्स तोंडावर आपटला. उठायचा प्रयत्न केला, पण पायांनी साथ दिली नाही. पहिल्या लढतीनंतर २१ वर्षांनी सूप फॅक्टरीतला तो पोरगा जगज्जेता झाला होता.

आता लुईसकडे बघा. कराच्या थकबाकीमुळे त्याला निवृत्तीतून परत यावं लागलं होतं. सप्टेंबर १९५० मध्ये तो चार्ल्सकडून हरला. ऑक्टोबर १९५१ मध्ये रॉकी मार्सियानो या तरुण बॉक्सरने त्याला आठव्या राऊंडमध्ये रिंगच्या दोरांपलीकडे फेकलं. ती लुईसची शेवटची लढत ठरली.

दोघंही ३७ वर्षांचे. एक जुलैमध्ये शिखरावर पोचला, दुसरा ऑक्टोबरमध्ये संपला. म्हणजे नुसत्या वयाने सगळं ठरत नाही. लुईसने ऐन तारुण्यात सगळं मिळवलं आणि शरीरातलं सगळं खर्चूनही टाकलं. वॉलकॉटचं तारुण्य रिंगच्या बाहेर खर्च झालं. त्याला योग्य ट्रेनिंग आणि पोटभर अन्न मिळालं तेच तिशीनंतर. त्याला इतकी वर्षं मागे खेचणारी गोष्ट म्हणजे गरिबी. ती बाजूला झाल्यावर त्याच्यात किती दम आहे ते जगाला दिसलं.

पण वय शेवटी गाठतंच

जून १९५२ मध्ये वॉलकॉटने चार्ल्सला पुन्हा हरवून किताब राखला. मग २३ सप्टेंबरला फिलाडेल्फियात मार्सियानो समोर आला. वय २९, एकही लढत न हरलेला.

पहिल्याच राऊंडमध्ये वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो खाली पडला. कारकिर्दीत तो असा पहिल्यांदाच पडला होता. पुढे १२ राऊंड संपले तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. फक्त तीन राऊंड काढायचे होते. तेराव्या राऊंडच्या ४३ व्या सेकंदाला मार्सियानोचा उजवा हात जबड्यावर बसला आणि वॉलकॉट दोरावर हात अडकून हळूहळू खाली घसरला. ही हेवीवेटच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या लढतींपैकी एक मानली जाते.

मे १९५३ मध्ये शिकागोत दोघं परत लढले. या वेळी वॉलकॉट पहिल्याच राऊंडमध्ये बाद झाला. त्यानंतर तो पुन्हा रिंगमध्ये बॉक्सर म्हणून उतरला नाही.

ग्लोव्ह्ज उतरवल्यानंतर

पैसा संपून हलाखीत दिवस काढणाऱ्या बॉक्सरांच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. वॉलकॉटचं तसं झालं नाही. १९५६ मध्ये हम्फ्री बोगार्टच्या शेवटच्या सिनेमात त्याने काम केलं. १९६५ मध्ये मोहम्मद अली आणि सनी लिस्टनच्या दुसऱ्या लढतीत तो रेफ्री होता. लिस्टन पहिल्याच राऊंडमध्ये पडला, अली कोपऱ्यात जायला तयार नव्हता आणि त्याला आवरण्याच्या गडबडीत वॉलकॉटचं मोजणीकडे दुर्लक्ष झालं. त्या गोंधळाबद्दल त्याच्यावर प्रचंड टीका झाली.

पण त्याच्या गावाने त्याच्यावरचा विश्वास सोडला नाही. १९७१ मध्ये तो कॅम्डेन काऊंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला, त्या पदावर बसणारा पहिला कृष्णवर्णीय. पुढे १९७५ ते १९८४ तो न्यू जर्सीच्या बॉक्सिंग कमिशनचा अध्यक्ष होता. एकेकाळी मिळेल त्या पैशांत लढलेला माणूस आता बॉक्सरांसाठी नियम राबवत होता.

२५ फेब्रुवारी १९९४ ला, वयाच्या ८० व्या वर्षी, कॅम्डेनमध्येच त्याचं निधन झालं. तेव्हाही सगळ्यात वयस्कर हेवीवेट जगज्जेत्याचा विक्रम त्याच्याच नावावर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनने मायकल मूररला नॉकआऊट करून तो मोडला.

विक्रम गेला, पण कॅम्डेन त्याला विसरलं नाही. २०२२ मध्ये शहराच्या नदीकाठी त्याचा पुतळा उभा राहिला. ज्या शहरात एकेकाळी त्याच्या पोरांना थंडीत शेकायला कोळसा नव्हता, त्याच शहरात.