एका डॉलरची पावती : हॅरी मूर यांचे जीवन

वाचकहो, तुमच्या वस्तीत वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा एखादा माणूस असेलच. बहुधा तो शाळामास्तर असतो. तो आला की आपल्या कपाळाला आठी पडते, पुढच्या महिन्यात या असे आपण म्हणतो, आणि तो मुकाट्याने पुढच्या दाराशी जातो. अशाच एका मास्तरांची हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे. ते अमेरिकेत होऊन गेले. त्यांची पावती एका डॉलरची असे. ज्या माणसाच्या हाती बंदूक नव्हती, पैसा नव्हता, फक्त पावतीपुस्तक आणि टंकलेखनयंत्र होते, त्याच्या निजण्याच्या खोलीखाली शत्रूंना बॉम्ब ठेवावासा वाटला.

हॅरी टायसन मूर हे त्यांचे नाव. जन्म 18 नोव्हेंबर 1905, फ्लोरिडा राज्याच्या उत्तर भागातील सुवानी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती, पण काळ्या माणसाची शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, पाणी पिण्याचा नळ वेगळा. हे तुम्हांला फोड करून सांगायला नको. वडील रेल्वेच्या पाण्याच्या टाक्या सांभाळीत आणि घरापुढे लहानसे दुकान चालवीत. हॅरी नऊ वर्षांचे असताना ते वारले. आई रोझा कापसाच्या शेतात राबू लागली आणि दुकानही पाहू लागली. एवढ्याने भागेना, तेव्हा तिने आपले एकुलते एक पोर काळजावर दगड ठेवून नातलगांकडे पाठविले. जॅक्सनव्हिल शहरात हॅरींच्या तीन मावश्या होत्या, तिघीही शिकलेल्या. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होते आणि आपणही कुणी आहोत ही जाणीव होती. तीन वर्षे ते तिथे राहिले. मला वाटते, पुढचा हॅरी मूर त्या तीन वर्षांत घडला. ज्या घरात शिकलेली बाई असते त्या घराचे पोर मान खाली घालून चालत नाही, हे आपणही पाहिले आहे.

1925 साली शिक्षकाचे शिक्षण पुरे करून ते ब्रेव्हर्ड जिल्ह्यात कोको या गावी काळ्यांच्या शाळेत शिकवू लागले. आज अवकाशयाने जिथून उडतात तो केप कॅनाव्हेरल याच जिल्ह्यात आहे. त्या काळी मात्र तिथे संत्र्यांच्या बागा होत्या आणि त्या बागांत राबणारे लोक होते. तिथेच त्यांना हॅरिएट सिम्स भेटल्या. त्या वयाने तीन वर्षांनी मोठ्या. पूर्वी शिक्षिका होत्या आणि त्या वेळी विमा कंपनीचे काम करीत. 25 डिसेंबर 1926 रोजी, नाताळच्या दिवशी, दोघांचा विवाह झाला. ही तारीख लक्षात ठेवा. त्यांना दोन मुली झाल्या, आणि मिम्स नावाच्या गावी संत्र्यांच्या बागेत त्यांनी आपले लहानसे लाकडी घर बांधले. हॅरिएटही पुढे पुन्हा शाळेत शिकवू लागल्या.

आता शाखेकडे येऊ. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी एक राष्ट्रीय संघटना अमेरिकेत 1909 साली स्थापन झाली होती. तिला तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून एनएएसीपी म्हणतात. कचेरी तेव्हा न्यूयॉर्कला होती. बाबासाहेबांनी 1946 साली ज्या डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस या थोर विद्वानांना पत्र लिहून अमेरिकन काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या, ते दुबॉइस याच संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. पण न्यूयॉर्कच्या कचेरीतून फ्लोरिडाच्या संत्राबागेतला मजूर दिसत नाही. तो दिसायला गावात शाखा लागते. 1934 साली मूर यांनी ब्रेव्हर्ड जिल्ह्यात ती शाखा काढली. वय एकोणतीसही पुरे नव्हते, आणि नोकरी होती त्याच गोऱ्यांच्या शिक्षणमंडळाची.

शाखेने पहिला मोठा वाद कशावर घातला? पगारावर. काळ्या मास्तराला गोऱ्या मास्तराच्या जवळजवळ निम्मा पगार मिळे. 1938 साली जॉन गिल्बर्ट या मुख्याध्यापकांच्या नावे दावा दाखल झाला. दक्षिणेच्या त्या कडव्या मुलखात असा हा पहिला दावा म्हणतात. न्यूयॉर्कहून तरुण वकील थर्गुड मार्शल यांनी मदत केली. हेच मार्शल 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. दावा हरला आणि गिल्बर्ट यांची नोकरी गेली. तेवढ्यावर शाखा मोडली असती तर नवल नव्हते. पण त्या हरलेल्या दाव्याचे बोट धरून राज्यात इतर ठिकाणी दावे उभे राहिले, आणि त्यांतून अखेर पगार सारखे करणे भाग पडले. हरलेल्या माणसाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक राहिले.

1941 साली राज्यातील शाखा एकत्र आल्या आणि मूर त्यांचे चिटणीस झाले. बिनपगारी. दिवसा शाळा, रात्री मोटार घेऊन गावोगाव दौरे. वाटेतल्या पेट्रोलपंपावर काळ्या माणसाला शौचालय वापरू देत नसत, खाणावळीत बसू देत नसत, म्हणून शिदोरी घरून बांधून न्यायची. घरी चक्रमुद्रणाचे यंत्र होते. तुम्ही त्याला सायक्लोस्टाइल म्हणाल. पत्रके त्यावर निघत, आणि आई व दोन्ही मुली बसून त्यांच्या घड्या घालीत, तिकिटे चिकटवीत. चळवळ म्हणजे सभेतले भाषण एवढेच ज्यांना वाटते त्यांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. मूर मोठे वक्ते नव्हते. आवाज हळू, अंगाने सडपातळ, अंगात सूट आणि गळ्यात टाय. मोठ्या सभेत त्यांच्याकडे लोकांचे लक्षही गेले नसते.

पण राज्यपालांच्या टपालात मात्र त्यांच्याकडे लक्ष जाई. कुठे काळ्या माणसाला जमावाने ठार मारले, कुठे पोलिसांनी मारहाण केली, की मूर स्वतः जात, नातलगांचे जबाब लिहून घेत आणि राज्यपालांना, वॉशिंग्टनला, न्यूयॉर्कला पत्रे धाडीत. 1944 च्या जानेवारीत त्यांच्याच सुवानी जिल्ह्यात विली जेम्स हॉवर्ड नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला गोऱ्यांनी नदीत बुडवून मारले. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने एका गोऱ्या मुलीला नाताळाचे कार्ड पाठविले होते. मुलाच्या बापाला उभे करून त्याच्या डोळ्यांदेखत हे झाले. मूर यांनी हे प्रकरण धसास लावण्याचा आटोकाट यत्न केला. कुणावर खटलासुद्धा उभा राहिला नाही.

इथे मूर यांनी काय ओळखले ते पाहा. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, आणि तो तिकडे निवडून येतो. न्यायाधीश निवडून येतो, शिक्षणमंडळही निवडून येते. ज्याला मत नाही त्याचे पत्र कोण वाचणार? दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की निवडून आल्यातच जमा, आणि उमेदवार ठरविण्याच्या त्या मतदानात काळ्यांना मज्जाव होता. 1944 साली सर्वोच्च न्यायालयाने हा मज्जाव रद्द केला. न्यायालयाने दार उघडले, पण दारातून माणसे आत नेणारा कुणी हवा होता. त्याच वर्षी मूर यांनी सहकाऱ्यांसह ‘प्रोग्रेसिव्ह व्होटर्स लीग’ ही मतदारांची संघटना काढली. पुढच्या सहा वर्षांत फ्लोरिडात लाखावर काळे मतदार नोंदले गेले. मतदानाच्या वयाच्या काळ्यांपैकी शेकडा 31 जण यादीत आले. दक्षिणेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात त्या वेळी एवढे प्रमाण नव्हते.

याची किंमत 1946 साली वसूल झाली. शिक्षणमंडळाने नवराबायको दोघांनाही नोकरीवरून काढून टाकले. वीस वर्षांची नोकरी गेली. मूर मग संघटनेचे पगारी संघटक झाले आणि दुप्पट फिरू लागले. 1948 पर्यंत राज्यात 60 हून अधिक शाखा आणि दहा हजारांच्या घरात सभासद झाले होते. पावतीचा आकडा तोच, वर्षाला एक डॉलर.

1949 साली दोन गोष्टी घडल्या. एक मोठी, एक वरवर किरकोळ. मोठी आधी सांगतो. जुलैत लेक जिल्ह्यात ग्रोव्हलँड गावाजवळ एका गोऱ्या तरुणीने बलात्काराची फिर्याद केली आणि चार काळ्या तरुणांवर आळ आला. अर्नेस्ट थॉमस या तरुणाला पाठलाग करणाऱ्या टोळीने गोळ्या घालून मारले. जमावाने काळ्यांची घरे जाळली. उरलेल्या तिघांना कोठडीत अमानुष मारहाण झाली. सॅम्युएल शेफर्ड व वॉल्टर अर्विन यांना फाशीची, आणि सोळा वर्षांच्या चार्ल्स ग्रीनली याला जन्मठेपेची शिक्षा झाली. मूर यांनी मारहाणीचे पुरावे गोळा केले, निधी जमविला, पत्रांचा भडिमार केला. 1951 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा रद्द करून फेरखटला सांगितला. त्या फेरखटल्यासाठी 6 नोव्हेंबरच्या रात्री शेरीफ विलिस मॅकॉल दोघा कैद्यांना मोटारीतून नेत होता. वाटेत त्याने दोघांवर गोळ्या झाडल्या. हातांत बेड्या असलेले कैदी पळून जात होते, असे त्याने सांगितले. शेफर्ड जागीच मेला. अर्विन जखमी होऊन जगला आणि त्याने सारी हकिकत सांगितली. मॅकॉलला निलंबित करा, त्याच्यावर खुनाचा खटला भरा, अशी मूर यांनी उघड मागणी केली.

आता ती किरकोळ वाटणारी गोष्ट. न्यूयॉर्कच्या कचेरीने 1949 च्या आरंभी वर्गणी एका डॉलरची दोन डॉलर केली. बागेतल्या मजुराला दुसरा डॉलर जड होता. दोन वर्षांत फ्लोरिडातले सभासद दहा हजारांवरून तीन-चार हजारांवर आले. कचेरीचा राग मूर यांच्यावर निघाला: संघटना खालावली, मतदारसंघाच्या राजकारणात मन जास्त, शाखांकडे कमी. मूर यांच्या पगाराची मोठी थकबाकी संघटनेकडेच होती, तरी आकडे त्यांच्या विरुद्ध गेले. 1951 च्या नोव्हेंबरअखेर डेटोना बीच येथील अधिवेशनात त्यांना चिटणीसपदावरून दूर केले. न्यूयॉर्ककरांचे म्हणणे सगळेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. देशभरचे खटले लढायला पैसा लागतोच. पण शेरीफच्या गोळीचा आवाज विरला नव्हता आणि साऱ्या राज्यात त्याच्याविरुद्ध बोट दाखविणाऱ्या माणसाच्या पाठीवरचा हात त्याच महिन्यात काढून घेतला गेला, ही गोष्ट मला अजून सलते. मूर यांनी आदळआपट केली नाही. डिसेंबरच्या आरंभी मॅकॉलबद्दल राज्यपाल फुलर वॉरन यांना त्यांनी पुन्हा पत्र लिहिले.

25 डिसेंबर 1951. लग्नाला पंचवीस वर्षे झाली होती. मूर यांची म्हातारी आई आणि थोरली मुलगी घरी होत्या. धाकटी वॉशिंग्टनला नोकरीस होती आणि आगगाडीने यायची होती, म्हणून नाताळच्या भेटवस्तू उघडायच्या राहिल्या होत्या. नवराबायकोने मिळून केक कापला. रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्यांच्या पलंगाखालच्या जमिनीखाली बॉम्ब फुटला. हॅरिएटच्या भावांनी दोघांना मोटारीत घातले आणि तीस मैलांवरच्या सॅनफर्डच्या इस्पितळाकडे नेले. मूर वाचले नाहीत. वय सेहेचाळीस.

1 जानेवारी 1952 रोजी मिम्सला अंत्यविधी झाला. आसपासच्या फुलवाल्यांनी काळ्याच्या प्रेतयात्रेला फुले पोहोचविण्यास नकार दिला, ती मायामीहून आणावी लागली. हॅरिएट यांनी इस्पितळातून जाऊन नवऱ्याचे अखेरचे दर्शन घेतले. 3 जानेवारीस त्याही गेल्या. धाकटी मुलगी 27 डिसेंबरला स्टेशनवर उतरली तेव्हा न्यायला आईबाप नव्हते. काय झाले ते तिला तिथे कळले.

केंद्रीय तपासखात्याने कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीतल्या लोकांची कसून चौकशी केली, पण खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. संघटनेने 1952 साली आपला सर्वोच्च मान, स्पिंगार्न पदक, मूर यांना मरणोत्तर दिला. 2006 साली फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांनी नव्या तपासानंतर क्लॅनच्या चार माणसांची नावे जाहीर केली. चौघेही केव्हाच मेलेले होते. मॅकॉलला कधी शिक्षा झाली नाही, तो 1972 पर्यंत शेरीफ राहिला. ग्रोव्हलँडच्या चौघांना 2019 साली राज्याने मरणोत्तर माफी दिली, आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांच्यावरील आरोप व शिक्षा रद्द ठरविल्या. मूर यांनी या चौघांसाठी पहिली पत्रे लिहिली त्याला तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.