टेलिफोनवाला अर्लांग आणि आमचा चौथा सर्व्हर

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

तर झालं असं. गेल्या फेस्टच्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनसाठी आम्ही लॅबमध्ये चार मशीन्सचा क्लस्टर लावला होता, पुढे एक लोड बॅलन्सर. अपडेट टाकायचं काम माझ्याकडे. पद्धत पाठ होती. एका सर्व्हरला नवीन रिक्वेस्ट द्यायच्या नाहीत, त्याच्या हातातली कामं संपू द्यायची, अपडेट टाकायचं, नीट चालतोय ना बघायचं, परत लाइनीत उभा करायचा, मग पुढचा. साइट बंद होतच नाही! मी हे सुरू केलं सकाळी ११ वाजता, रजिस्ट्रेशन उघडल्या उघडल्या. साइट बंद पडली नाही हे खरं, पण पेजही उघडेना. पब्लिकने रिफ्रेश मारून मारून उरलेल्या तिघांचा जीव घेतला. फायनल इयरच्या एका सिनियरने एवढंच विचारलं की अर्लांग वाचलायस का. मला वाटलं प्रोग्रॅमिंग लँग्वेज. निघाला माणूस.

आग्नर क्रारुप अर्लांग हा डेन्मार्कमधल्या लॉनबोर्ग नावाच्या खेड्यात १ जानेवारी १८७८ रोजी जन्मला. वडील गावातले शाळामास्तर. पोरगा इतका हुशार की कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा १४ व्या वर्षी खास परवानगी काढून दिली, आणि चांगल्या मार्कांनी पास झाला. पुढे दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं, मग स्कॉलरशिपवर कोपनहेगन गाठलं आणि १९०१ मध्ये गणितात डिग्री घेतली. नंतर सात वर्षं मास्तरकी. गणित मंडळाच्या बैठकींना मात्र न चुकता जायचा, आणि तिथेच त्याला येन्सन भेटले. हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे चीफ इंजिनियर आणि स्वतः मोठे गणितज्ञ. त्यांच्यामुळे १९०८ साली अर्लांग कंपनीत आला.

कंपनीचा प्रश्न साधा होता. लोक कधीही फोन करणार, मग लाइन्स आणि ऑपरेटर ठेवायचे किती? कमी ठेवले तर गिऱ्हाईक खोळंबणार, जास्त ठेवले तर पैसा वाया. १९०९ च्या पेपरात त्याने दाखवलं की असे आपापल्या मर्जीने येणारे कॉल पॉयसनच्या नियमाने चालतात. (पॉयसन म्हटलं की मला एटीकेटी आठवते, असो.) १९१७ मध्ये त्याने दोन फॉर्म्युले दिले. सगळ्या लाइन्स भरल्यामुळे कॉल बुडण्याची शक्यता किती, हे एकातून कळतं. थांबायची तयारी असेल तर थांबावं लागण्याची शक्यता किती, हे दुसऱ्यातून.

हा दुसरा मी आमच्या क्लस्टरला लावून पाहिला. समजा चार सर्व्हर आहेत आणि काम सरासरी २.४ सर्व्हरना पुरेल एवढं आहे, म्हणजे प्रत्येकजण ६० टक्के बिझी. अशा वेळी रिक्वेस्टला थांबावं लागण्याची शक्यता साधारण २९ टक्के येते. एक सर्व्हर काढला की बाकीचे ८० टक्के बिझी होतात. ऐकायला काही वाटत नाही ना? पण थांबण्याची शक्यता होते ६५ टक्के, आणि थांबण्याचा सरासरी वेळ होतो सहापट! वर हा हिशेब लोक शहाण्यासारखे वाट बघतात असं धरून आहे. रिफ्रेश मारणारे त्यात नाहीत. म्हणजे मी त्या दिवशी केलं काय, ते मला १९१७ च्या गणिताने सांगितलं.

माणूस नुसता कागदावरचा नव्हता. सुरुवातीला हाताखाली कोणी नसताना केबलमधली गळती मोजायला स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचा, मागे शिडी घेतलेला एक कामगार. लग्न केलं नाही. गरजू लोक प्रयोगशाळेत येऊन उभे राहायचे आणि तो गाजावाजा न करता मदत करायचा. जवळजवळ २० वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये गेला आणि ३ फेब्रुवारीला वारला. वय फक्त ५१.

१९४६ साली टेलिफोन ट्रॅफिकच्या युनिटला त्याचं नाव दिलं गेलं. एक लाइन तासभर सतत भरलेली, म्हणजे एक अर्लांग. एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी जी लँग्वेज तयार झाली तिलाही तेच नाव (एरिक्सन लँग्वेज असाही अर्थ निघतो). तिच्यात प्रोग्रॅम चालू असताना कोड बदलता येतो. जुनं आणि नवं व्हर्जन दोन्ही मेमरीत राहतात, चालू कॉल जुन्यावर संपतो, पुढचा नव्यावर जातो. एक्स्चेंज बंद करून अपडेट टाकतो असं कोण म्हणणार!

यंदा फेस्टच्या वेळी आम्ही शेजारच्या लॅबमधून पाचवं मशीन उसनं आणलं आणि अपडेट पहाटे ५ वाजता टाकलं. सिनियर पास आऊट झालाय, म्हणून त्याला मेल करून कळवलं.