संत झान जुगान : वृद्धांच्या चरणी वाहिलेले जीवन

आपल्या घराच्या ओटीवर बसलेल्या आजी-आजोबांकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? हा प्रश्न मनात ठेवून फ्रान्समधील एका मोलकरणीचे जीवन आज आपण समजून घेऊ या.

झान जुगान यांचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी ब्रिटनी प्रांतातील कांकाल या मच्छीमारांच्या गावी झाला. तो फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ होता. ख्रिस्तसभेचा छळ सुरू होता आणि घरोघरी गुपचूप प्रार्थना होत असत. झान लहान असतानाच त्यांचे वडील समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत. आईने मोलमजुरी करून मुलांना वाढविले व श्रद्धेचे बाळकडू पाजले. वयाच्या सोळाव्या वर्षी झान एका सरदार घराण्यात स्वयंपाकघरात कामाला लागल्या. पुढे लग्नाची मागणी आली, परंतु परमेश्वराची हाक वेगळीच आहे, हे ओळखून त्यांनी ती नम्रपणे नाकारली.

१८१७ साली त्या सें-सेर्वां या बंदराच्या गावी आल्या. तेथील इस्पितळात त्यांनी सहा वर्षे रुग्णसेवा केली. त्यानंतर एका वयस्क बाईंची त्यांनी बारा वर्षे, त्यांच्या मृत्यूपर्यंत, सोबत केली. १८३७ पासून त्या आणखी दोघींसह एका लहानशा भाड्याच्या घरात राहू लागल्या. सूत कातणे, धुणी धुणे, शिवणकाम यांवर त्यांचा निर्वाह चाले.

१८३९ सालच्या हिवाळ्यात अ‍ॅन शोवँ ही वृद्धा त्यांच्या पाहण्यात आली. ती आंधळी होती, पक्षाघाताने अर्धांग लुळे झालेले होते आणि सांभाळणारे कोणीही नव्हते. झान यांनी तिला उचलून घरी आणले, आपल्या बिछान्यावर निजविले आणि स्वतः माळ्यावर झोपू लागल्या. या एका बिछान्यातून वृद्धांच्या एका महान सेवाकार्याचा उगम झाला. लवकरच दुसरी वृद्धा आली. १८४१ मध्ये घेतलेल्या मोठ्या जागेत बाराजणी मावल्या आणि १८४२ मध्ये एक जुना मठ विकत घेण्यात आला.

त्या घरातील दिनक्रम साधा होता. अंथरुणाला खिळलेल्यांना अंघोळ घालणे, जखमा धुणे, जेवू घालणे, रात्री उशाशी जागणे आणि सर्वांनी मिळून प्रार्थना करणे. ज्यांचे हात चालत, त्या सूत कातीत. आपण कोणावर भार नाही, ही भावना त्यांच्या ठायी रुजावी, हा त्यामागील हेतू होता. आधी वृद्धांनी जेवावे आणि उरलेले भगिनींनी खावे, अशी रीत होती. यांपैकी अनेकजणी पूर्वी भीक मागून जगत असत. त्यांना पुन्हा रस्त्यावर जावे लागू नये म्हणून झान यांनी स्वतः टोपली हाती घेतली. त्या दारोदार फिरून पाव, भाजीपाला, जुने कपडे, जे मिळेल ते आणीत. असे सांगतात की, एकदा एका माणसाने त्यांच्या श्रीमुखात भडकावली. ती आपल्यासाठी होती, आता आपल्या गरिबांसाठी काही द्यावे, असे त्यांनी शांतपणे त्याला विनविले.

मात्र त्यांच्या वाट्याला खरा क्रूस आला तो घरातूनच. डिसेंबर १८४३ मध्ये भगिनींनी त्यांची प्रमुख म्हणून फेरनिवड केली. परंतु काही दिवसांतच संस्थेचे मार्गदर्शक धर्मगुरू ल पायर यांनी ती निवड रद्द करून मारी जामे या तरुण भगिनीस त्या पदावर नेमले. झान पुन्हा टोपली घेऊन भिक्षेस निघाल्या. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने त्यांच्या सेवेचा पुरस्कार देऊन गौरव केला. १८५२ मध्ये मात्र त्यांना मातृगृही बोलावून घेण्यात आले व बाहेरचे कार्य थांबविण्यात आले. पुढील २७ वर्षे त्या अज्ञातवासात राहिल्या. नवशिक्या भगिनींना त्या केवळ क्रूसाची सिस्टर मरिया म्हणून ठाऊक होत्या. संस्थेची स्थापना यांनीच केली, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ज्यांनी टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांना मानाचे स्थान दिले, त्यांनाच स्वतःच्या म्हातारपणी विसरले जाण्याचे दुःख भोगावे लागले. परंतु त्यांच्या मनात कडवटपणा शिरला नाही. म्हातारा माणूस केवळ भाकरीचा नव्हे तर आदराचाही भुकेला असतो, हे त्या आधीपासून जाणत होत्या. त्यांची ही जाण जणू त्यांच्या स्वतःच्या एकांतातही कसाला लागली. २९ ऑगस्ट १८७९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, सें-पेर्न येथे त्यांनी देह ठेवला. तेव्हा संस्थेत सुमारे २,४०० भगिनी होत्या. १८९० मध्ये रोमने ल पायर यांना पदावरून दूर केले आणि पुढे सत्य उजेडात आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ मध्ये झान यांना धन्य घोषित केले, तर पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांना संतपद बहाल केले.

गरिबांच्या लहान भगिनी या नावाने ओळखला जाणारा हा संघ १८८२ साली कोलकात्यात आला व पुढे मुंबईतही त्याने वृद्धांसाठी घर उघडले. या भगिनी ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या व्रतांसोबत आतिथ्याचे चौथे व्रत घेतात.

३० ऑगस्ट हा संत झान यांचा सण. वृद्धाश्रमाला देणगी देणे चांगलेच आहे, परंतु संत झान यांनी आरंभ देणगीने नव्हे, तर स्वतःच्या बिछान्याने केला. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी आपण आपला थोडा वेळ, थोडी जागा रिकामी करणार का? तसे झाले तर आपले प्रत्येक घर संत झान यांच्या त्या पहिल्या घरासारखे होईल.