चिंतामणराव देशमुख

किल्ले रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील वकिली करीत. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. केंब्रिजला मात्र त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय अभ्यासिले. पुढे ज्यांच्या हाती देशाचा पैसा यावयाचा होता, त्यांची पदवी अर्थशास्त्राची नव्हती, ही मोठी गमतीची गोष्ट होय! १९१८ साली ते आय. सी. एस. परीक्षेतही पहिले आले. त्यानंतर मध्यप्रांत व वऱ्हाडात अनेक वर्षे सरकारी नोकरी करून १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत दाखल झाले.

ही बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली होती. इतर बँकांप्रमाणे ती सामान्य माणसाची खाती उघडीत नाही. ती नोटा काढते, सरकारचा पैसा सांभाळते आणि बँकांची बँक म्हणून त्यांच्यावर देखरेख ठेवते. नोट म्हणजे मुळात कागदच. दुकानदार ती निःशंकपणे घेतो, कारण तिच्यावरील गव्हर्नरांच्या सहीवर त्याचा विश्वास असतो. ऑगस्ट १९४३ मध्ये चिंतामणराव गव्हर्नर झाले आणि त्या जागी प्रथमच एका भारतीयाची सही आली.

काळ महायुद्धाचा होता. ब्रिटन भारतातून युद्धसाहित्य घेई. त्याची किंमत मात्र लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने जमा होई आणि तिच्या आधारावर येथे नोटा निघत. नोटा वाढल्या, पण बाजारात धान्य व कापड वाढले नाही. साहजिकच महागाई भडकली आणि गरिबांचे अतोनात हाल झाले. लंडनमध्ये साचलेला हा पैसा भारताच्या कष्टांचा होता. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळाने तो प्रश्न मांडला. चिंतामणराव त्या शिष्टमंडळात होते.

याहूनही अवघड प्रसंग १९४७ साली आला. देशाची फाळणी झाली, पण पाकिस्तानपाशी स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. म्हणून ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे काम पाहिले. सीमेवर रक्त सांडत होते, काश्मीरमध्ये लढाई पेटली होती, आणि मुंबईच्या एकाच कचेरीत दोन्ही सरकारांचे हिशोब लिहिले जात होते! भारताच्या नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे चालविण्यात आल्या. त्यांतील कित्येक नोटांवर चिंतामणरावांचीच सही होती. अविभक्त हिंदुस्थानच्या शिलकीतील पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये भारत सरकारने काही काळ रोखून धरले. ते जानेवारी १९४८ मध्ये देण्याचे ठरले. अशा वेळी बँकेकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविकच होते. १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची स्वतंत्र बँक सुरू झाली आणि ही दुहेरी जबाबदारी संपली.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. त्याच वर्षी चिंतामणराव निवृत्त झाले. १९५० साली ते भारताचे अर्थमंत्री झाले. परंतु मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता, म्हणून १९५६ साली त्यांनी ते पद सोडले. पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. संस्कृतचा नादही सुटला नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणिले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.