साने गुरुजी आणि शाळेतील संस्कार

श्रीगणराय ही विद्येची देवता. चतुर्थीला मूर्तीजवळ मुलांची वह्या-पुस्तके ठेवून आपण त्यांच्यासाठी बुद्धी मागतो. परंतु बुद्धीच्या जोडीला सद्बुद्धी नसेल, तर नुसत्या हुशारीचा समाजाला काय उपयोग? ही सद्बुद्धी शाळेत शिकवता येते का, असा प्रश्न पालकसभेत नेहमी निघतो. त्याचे उत्तर एका मराठी शिक्षकाच्या आयुष्यात सापडते. ते शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. जुन्या पिढीला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. मात्र जयपूरमध्ये जन्मलेल्या, हिंदी-इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव नवे असू शकते, म्हणून हा लेखप्रपंच.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण त्यांच्या बालपणी घरची परिस्थिती खालावली होती. आई यशोदाबाई हीच त्यांची पहिली शाळा. तिने मुलाला उपदेशाचे धडे दिले नाहीत, तर रोजच्या कामांतून शिकवले. पोहायला घाबरणाऱ्या मुलाला तिने शिक्षा करून विहिरीवर धाडले. लाकडाची मोळी डोक्यावर चढवता न येणारी एक अस्पृश्य समाजातील वृद्ध स्त्री रस्त्यात अडली होती, तेव्हा तिला हात देण्यासाठी आईने मुलाला पाठवले. मात्र परत आल्यावर अंघोळ करायलाही सांगितले, कारण ती त्या काळाची माणूस होती. हा प्रसंग लक्षात ठेवावा, त्याचा धागा पुढे पंढरपूरपर्यंत जातो.

शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असा प्रवास करताना त्यांनी गरिबी भोगली, हाताने स्वयंपाक केला, प्रसंगी अर्धपोटी राहिले. १९१७ साली आई गेली. पुढे एम. ए. होऊन ते खानदेशात अमळनेरला आले. आम्हा रेल्वेवाल्यांच्या दृष्टीने अमळनेर म्हणजे सुरत-भुसावळ मार्गावरचे एक स्टेशन. पण मराठी शिक्षणाच्या इतिहासात त्या गावाचे स्थान फार मोठे आहे. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास केल्यावर १९२४ मध्ये गुरुजी गावातल्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. हेच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखले गेले. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली आणि त्यांचे खरे काम तिथे सुरू झाले.

वसतिगृहातली मुले खेड्यापाड्यांतून आलेली, आईपासून दूर राहणारी. कुणाचे अंथरूण तसेच पडलेले, कुणाचे कपडे मळलेले, खोलीत केर. दुसरे कुणी असते तर दंड केला असता किंवा नियमांचा फलक लावला असता. गुरुजी मुले खोलीत नसताना स्वतः झाडू घेत, अंथरुणे नीट लावत, मळके कपडे धुऊन वाळत घालत. आपले काम आपल्या शिक्षकाने केले, हे पाहून मुलांना आतून लाज वाटे आणि ती आपणहून कामाला लागत. कुणी आजारी पडले, तर गुरुजी रात्र-रात्र उशाशी बसत. एवढे करून ते मुलांसाठी छात्रालय नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. त्यात देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, विज्ञान, कविता असे सारे असे. पुढे १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थी नावाचे मासिकही सुरू केले.

इथे माझ्या खात्यातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. रेल्वेमार्गावर कीमन नावाचा कर्मचारी असतो. तो हातोडा आणि पाना घेऊन आपला ठरलेला पल्ला रोज पायी तपासतो. रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवतो. जयपूर-फुलेराच्या बाजूला मे महिन्याचे ऊन असो की पौषातली थंडी, त्या वेळी त्याच्या मागे कोणताही साहेब उभा नसतो. एखादी चावी न पाहता तो पुढे गेला, तर त्या दिवशी कुणाला कळणारही नाही. तरीही तो वाकतो आणि ठोकतो. शेकडो प्रवासी त्याच्या भरवशावर गाडीत निर्धास्त झोपतात. कुणी पाहत नसताना आपण जे करतो, तेच आपले चारित्र्य. गुरुजींनी हीच सवय मुलांच्या हाताला लावली. तिची परीक्षा होत नाही आणि तिला गुणही मिळत नाहीत.

शिक्षक म्हणून गुरुजींचा काळ जेमतेम सहा वर्षांचा. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. पुढे धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग घडले. पण तिथेही त्यांच्यातला शिक्षक जागा होता. त्रिचनापल्लीला त्यांनी तमिळचा अभ्यास केला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनी उतरून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहिले. त्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.

मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य दाराशी आले असताना, गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचे दर्शन अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मिळावे, ही त्यांची मागणी. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळवली होती. अखेर मंदिर सर्वांसाठी खुले झाले. आईने मोळी उचलायला पाठवले आणि मग अंघोळ सांगितली. मुलाने मोळी लक्षात ठेवली आणि अंघोळ सोडून दिली. संस्कार म्हणजे आई-वडिलांची नक्कल नव्हे. त्यांतले चांगले बीज घेऊन मूल आपल्याही पुढे गेले, तर ते संस्कारांचे अपयश मानू नये, यशच मानावे.

अखेरच्या काळात गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. एका प्रांतातल्या लोकांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आणि साहित्य प्रेमाने शिकावे, असा तो विचार. राजस्थानात राहून घरी मराठी आणि बाजारात ढूंढाडी-हिंदी बोलणारे आपण तर तो रोज जगतो. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते.

गुरुजींचा शेवट मात्र दुःखद आहे आणि तो मुलांपासून लपवू नये. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ५०व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. असंख्य मुलांची आई झालेल्या या माणसाच्या मनातली निराशा कुणाला सावरता आली नाही. मनाचे दुखणे संस्कार कमी पडले म्हणून येत नाही. ते अत्यंत चांगल्या माणसालाही होते, आणि त्यालाही वेळेवर विचारपूस आणि उपचार लागतात.

हे लिहिताना कोटा डोळ्यांसमोर येते. आपल्यापैकी अनेकांची मुले तिथे किंवा इथे जयपुरातच शिकवणीसाठी वसतिगृहांत राहतात. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनंतर २०२३ मध्ये कोट्याच्या प्रशासनाने वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश दिला. अभियंता म्हणून मला हा उपाय आवश्यक वाटतो. पण आज कोणता मुलगा जेवला नाही, कुणाचे अंथरूण दोन दिवस तसेच आहे, हे पाहणारा माणूस कोणत्याही यंत्राने तयार होत नाही. अमळनेरच्या वसतिगृहात असा माणूस होता.

तेव्हा वाचकहो, यंदा मांडवात एवढे तरी करूया. महाप्रसादानंतर पत्रावळी उचलायला आणि झाडायला आधी मोठ्यांनी पुढे व्हावे. मुले आपोआप मागे येतील. आणि घरापासून दूर शिकणाऱ्या मुलाला फोन केला, की गुण विचारण्याआधी तो जेवला का, झोपला का, हे विचारावे. विद्येच्या देवतेला ही पूजाही नक्कीच पोहोचेल.

गणपती बाप्पा मोरया!