फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फारोख बलसारा, ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार – २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे प्रमुख गायक, गीतकार व पियानोवादक होते.

प्रारंभिक जीवन
मर्क्युरी यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी हे ब्रिटिश वसाहत प्रशासनात रोखपाल होते. गुजरातमधील बलसाड (आताचे वलसाड) या मूळ गावावरून कुटुंबाला बलसारा हे आडनाव मिळाले. फारोख यांचे शालेय शिक्षण पाचगणी येथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून झाले. तेथे ते पियानो शिकले आणि १९५८ साली शाळासोबत्यांसह त्यांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. १९६४ च्या झांझिबार क्रांतीमुळे कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंडला जावे लागले. तेथे त्यांनी ईलिंग कला महाविद्यालयातून आरेखनाची पदविका घेतली.

कारकीर्द
१९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्यांनी क्वीनची स्थापना केली. पुढील वर्षी जॉन डीकन येऊन मिळाले. बँडचे नाव व बोधचिन्ह मर्क्युरी यांचेच. १९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्यांचे गीत सुमारे सहा मिनिटांचे असून त्यात ध्रुवपद नाही. तरीही ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेंब्ली येथील 'लाइव्ह एड' कार्यक्रमात त्यांनी आलापांची फेक करून हजारो श्रोत्यांना आपल्यामागून गायला लावले.

आजार व मृत्यू
१९८७ साली त्यांना एड्सचे निदान झाले. प्रकृती खालावत असतानाही त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवले नाही. आजाराची जाहीर कबुली त्यांनी मृत्यूच्या केवळ एक दिवस आधी दिली. अंत्यविधी झरथुष्ट्री पद्धतीने झाले.

वारसा
मृत्यूनंतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा अग्रस्थानी पोहोचले. त्यांच्या स्मरणार्थ एड्सविरोधी कार्यासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' स्थापन झाला. २०१८ च्या चरित्रपटाने नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली. क्वीनच्या दीर्घ लोकप्रियतेचे एक कारण गीतरचनेत आढळते: बँडचे चौघेही सदस्य गीते रचत, त्यामुळे शैलींचे वैविध्य राहिले. दुसरे कारण म्हणजे श्रोत्यांचा सहभाग. 'वी विल रॉक यू'मधील पायांचा ठेका व टाळ्या, तसेच 'वी आर द चॅम्पियन्स'चे ध्रुवपद संगीत न शिकलेल्यांनाही सहज साधते. म्हणूनच ही गीते आजही क्रीडांगणांवर सामुदायिकपणे गायली जातात.